शुद्धीवर न येता सुखानं कसं जगावं

जाणीव म्हणजे नेमकं काय, हे कोडं अजून कुणाला सुटलेलं नाही. १९९८ साली क्रिस्टोफ कॉख या मेंदूशास्त्रज्ञानं डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाशी पैज मारली, की जाणीव मेंदूत कुठे नि कशी उमटते ते पंचवीस वर्षांत स्पष्ट होईल. २०२३ साली ते हरले आणि ठरल्याप्रमाणे वाइन देऊन मोकळे झाले. तेव्हा जी वस्तू काय आहे हेच धड ठाऊक नाही, ती रोज वापरून झिजवायची कशाला? घडी घालून कपाटात ठेवावी. गेल्या आठवड्यात एका मित्रानं मला ही कला प्रत्यक्ष करून दाखवली. (त्याच्याकडे येतोच.) म्हटलं, चार लोकांच्या उपयोगी पडावं.

सुरुवात कुलपापासून करा. कुलूप लावावं, दोनदा ओढून पाहावं, जिना उतरावा आणि खाली पोचल्यावर ‘लावलं का आपण?’ म्हणून परत वर चढावं. लावलं ते हातांनी. तुम्ही तिथं कुठे होता?

लिफ्टच्या बटणाचा दिवा लागलेला असला तरी बटण पुन्हा दाबावं. लिफ्टला तुमची घाई कळते.

कामासाठी दुसऱ्या खोलीत जावं आणि मधोमध उभं राहून छताकडे बघावं. कशाला आलो होतो? घाबरू नका, दार ओलांडलं की मेंदू आधीचा प्रसंग मिटून नवं पान उघडतो, असं यावर प्रयोग करणारे सांगतात. म्हणजे दोष दाराचा. चष्मा शोधायला आला असाल तर आधी कपाळ चाचपा.

निवड करताना डोकं शिणवू नये. कारणं मागाहून आपोआप तयार होतात. २००५ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी लोकांना दोन चेहऱ्यांचे फोटो दाखवले, आवडलेला निवडायला सांगितलं आणि हातचलाखी करून नको म्हटलेलाच फोटो पुढे केला. बहुतेकांना पत्ताही लागला नाही. वर ‘हाच का आवडला?’ याची कारणंही त्यांनी दिली! लोकांची ठाम मतं ऐकताना मला हा प्रयोग हटकून आठवतो. स्वतःची मतं सांगताना का कोण जाणे, आठवत नाही.

कुणी जाब विचारलाच तर बेंजामिन लिबेट या मेंदूशास्त्रज्ञाचं नाव घ्यावं. ‘मी आता हात हलवतो’ असं आपल्याला वाटण्याआधीच, सुमारे एक तृतीयांश सेकंद, मेंदूत हालचाल सुरू झालेली असते, असं त्यांनी १९८३ साली दाखवलं. त्याचा अर्थ काय लावायचा यावर आजही भांडणं आहेत, पण ते आपल्याला कशाला हवं? ‘मी नाही, मेंदूनं केलं’ एवढं म्हणायला पुरे.

आता या कलेतलं सगळ्यात अवघड अंग, ऐकणं. डोळे फोनवर, उजवा अंगठा चालू, आणि दर सात-आठ सेकंदांनी एक ‘हं’. हा ‘हं’ एकसुरी नको. एक खालच्या पट्टीतला, एक जरासा लांबवलेला, मधूनच ‘हो का?’ आणि समोरचा थांबला की ‘वा, मस्त!’

माझा मित्र यात पारंगत आहे. दहा दिवसांचं ध्यानशिबिर करून आला होता. पहिला पाऊण तास त्यानं मला वर्तमानात कसं जगायचं ते समजावलं. क्षणात राहा, श्वासाकडे बघ, मनाला साक्षीभावानं न्याहाळ. मी ऐकलं. मग माझी पाळी आली. मी म्हटलं, परवा आईच्या खोलीत गेलो तर ती टॉवेलची घडी घालत होती. घालायची, मोडायची, पुन्हा घालायची. माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, “तुम्ही कधी आलात?”

आई. मला. ‘तुम्ही’.

आणि हा म्हणाला, “वा, मस्त!”

१९९९ सालचा एक प्रयोग आहे. चेंडू किती वेळा फेकला ते मोजायला सांगितलं होतं. मोजण्याच्या नादात निम्म्या लोकांना समोर येऊन छाती बडवून गेलेला गोरिलाच दिसला नाही. प्रयोगातला गोरिला म्हणजे वेश केलेला माणूसच. पण त्या लोकांना मोजायचं काम तरी दिलं होतं रे. तू काय मोजत होतास?

मन भटकतं, कबूल. माझंही भटकतं. जागेपणीचा जवळजवळ निम्मा वेळ ते हातातल्या कामावर नसतं, असं २०१० सालच्या एका अभ्यासात निघालं होतं. बोलता बोलता सुटलं, लगेच परत आलं, त्याला कुणी काही म्हणत नाही. पण तू आणलंच नव्हतंस ते! शिबिरात दहा दिवस स्वतःच्या नाकपुडीकडे लक्ष दिलंस ना? मग समोरच्या माणसाच्या तोंडाकडे दोन मिनिटं देता येत नाही? तिकडे एक बाई एका टॉवेलच्या कडा जुळवून आपलं भान धरून ठेवायला बघते आहे, तिच्या हातातून ते रोज थोडं थोडं निसटतं आहे, आणि तू धडधाकट, आख्खं भान घेऊन बसलेला माणूस ते त्या चकाकत्या काचेवर सांडतोस. लाज वाटायला हवी.

नंतर कधीतरी मान वर करून म्हणालास, “काय म्हणत होतास?”

मी म्हटलं, “काही नाही.”

आणि तू ‘बरं’ म्हणून पुन्हा मान खाली घातलीस.