सपाट स्टेजला टीव्ही बंद करणाऱ्यांसाठी

टूर द फ्रान्स ही तीन आठवड्यांची सायकल शर्यत, रोज एक टप्पा म्हणजे स्टेज. ती बघणाऱ्यांची एक सवय ठरलेली. घाटाचा दिवस असला की दुपारी साडेचारपासून ठाण मांडायचं आणि सपाट स्टेज असली की रात्री पावणेनऊला फक्त शेवटची स्प्रिंट बघायची. माझ्या मते आडव्या वाऱ्याची सपाट स्टेज घाटापेक्षा क्रूर असते, आणि पावणेनऊपर्यंत ती बऱ्याचदा संपलेली असते.

२०१५ची दुसरीच स्टेज घ्या. नेदरलँड्समधल्या उत्रेख्तहून झीलंडच्या किनाऱ्यापर्यंत, चढ औषधालाही नाही. तिथे आडव्या वाऱ्यात रायडरांचे गट फुटले, घाटात तरबेज असलेला किंटाना मागच्या गटात अडकला आणि त्याचा प्रतिस्पर्धी फ्रूमच्या तुलनेत १ मिनिट २८ सेकंद हरला. तीन आठवड्यांनी फ्रूम टूर जिंकला तो १ मिनिट १२ सेकंदांनी! आल्प द्युएझच्या घाटात किंटानाने त्याला मिनिटभराहून जास्त मागे टाकलं, तरी भरपाई झाली नाही. (झीलंड वेगळं घडलं असतं तर पुढची रेसही वेगळी झाली असती, हे मान्य.)

वारा समोरून असेल तर पुढच्याच्या चाकामागे आडोसा मिळतो. डावीकडून असेल तर तो आडोसा मागे-उजवीकडे सरकतो. मग रायडर तिरके, पंख्यासारखे पसरतात. हाच एशेलॉन. पुढचा आपली पाळी संपली की वाऱ्याच्या बाजूने मागे येतो, आडोशाची रांग पुढे सरकते. पण रस्त्याच्या रुंदीत मावतात मोजकेच. उरलेले उजव्या कडेला एकामागोमाग, सगळा वारा अंगावर घेत. पुढची टीम आणखी डांबरट असेल तर मुद्दाम उजवीकडे सरकून चालवते, म्हणजे आडोशाच्या जागाच कमी. कडेच्या रांगेत एकाच्या हातून जरी पुढच्याचं चाक सुटलं, तरी त्याच्यामागचे सगळे गेले. त्यावर उपाय एकच: हट्ट सोडून ताबडतोब दुसरा एशेलॉन लावायचा. बहुतेक जण तो उशिरा लावतात.

सडपातळ घाटवीर इथे मार खातात, कारण सपाटीवर वजनामागे किती वॉट (पायातली ताकद) हे बिनकामाचं. एकूण वॉट लागतात. शिवाय गटांमधलं अंतर कमी असलं की पंच टीमच्या गाड्या मध्ये शिरू देत नाहीत. २०१३मध्ये वाल्वेर्दे हा रायडर एकूण वेळेत दुसऱ्या नंबरवर होता. भर वाऱ्यात त्याचं चाक निकामी झालं, टीम थांबली, आणि तो जवळपास दहा मिनिटं मागे पडला. त्याच दिवशी फ्रूमचा दुसरा प्रतिस्पर्धी कोंतादोर याच्या टीमने शेवटच्या तीसेक किलोमीटरमध्ये हिसका देऊन फ्रूमकडून १ मिनिट ९ सेकंद काढले.

सगळे बुडतातच असं नाही. २०२०मध्ये लावोरच्या स्टेजला पोगाचार या रायडरने वाऱ्यात १ मिनिट २१ सेकंद गमावले आणि तरी टूर जिंकली. पण पोगाचार हा अपवाद धरावा.

म्हणून सकाळीच वाऱ्याचा अंदाज आणि रूटचा नकाशा शेजारी ठेवा. रस्ता कुठे काटकोनात वळतो आणि वळल्यावर वारा आडवा येतो, तेवढं शोधा. उघडी शेतं किंवा समुद्रकिनारा हवा. झाडं, गावं आली की धोका ओसरतो. वळणाच्या पाच-सात किलोमीटर आधी मोठ्या टीम आठही रायडर घेऊन पुढे घुसू लागल्या, की फोन बाजूला ठेवा.

आणि शेवटच्या ३ (काही स्टेजला ५) किलोमीटरचा नियम इथे कुणाला वाचवत नाही. त्या टप्प्यात पडलात, पंक्चर झालं तर गटाचा वेळ मिळतो. वाऱ्याने तुटलात तर घड्याळ चालूच.