नव्याला पायघड्या, जुन्याला फी

नऊ वर्षं झाली. १०८ हप्ते. एकही चुकला नाही, एकही उशिरा गेला नाही. मधे नोकरी गेली तेव्हा चार महिने साठवणीतून भरले, पण भरले. आणि परवा ऑफिसातला एक नवा मुलगा सहज बोलून गेला की त्याला घरासाठी साडेआठ टक्क्यांनी कर्ज मिळालं. माझ्याच बँकेकडून, माझ्याच शाखेतून. मी नऊ भरतोय.

शाखेत गेलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, तो रेट नवीन कस्टमरसाठी आहे." तिचा दोष नाही, तिला सांगितलंय तेच ती बोलणार. मग आतल्या साहेबांसमोर बसलो. ते म्हणाले, अर्ज करा, कन्व्हर्जन फी, म्हणजे जुन्या दरावरून नव्या दरावर यायची फी भरा, मग बघू. म्हणजे इतके दिवस जास्त व्याज मी भरायचं आणि ते थांबवायचे पैसेही मीच मोजायचे? अहो, नव्यांसाठी दर उतरवलात तेव्हा मला एक एसएमएस टाकता आला नाही? कार्ड घ्या, विमा घ्या, टॉपअप घ्या, म्हणून फोन करायला मात्र माझा नंबर बरोबर सापडतो.

मेख कुठे आहे ती सांगतो. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या कर्जाचा दर दोन तुकड्यांचा असतो. एक बेंचमार्क, म्हणजे पायाचा दर, तो बाजाराबरोबर वरखाली होतो. दुसरा बँकेने त्यावर चढवलेला स्प्रेड. तो सही केली त्या दिवशी ठरतो आणि सहसा तिथेच गोठून राहतो. नवी गिऱ्हाइकं ओढायची असली की बँक नव्यांचा स्प्रेड कमी करते. जुन्यांचा कशाला करेल? जुना अडकलेलाच आहे. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण २० वर्षांच्या कर्जावर नऊ आणि साडेआठमधला फरक सगळ्या मुदतीत मिळून मुद्दलाच्या साडेसात टक्क्यांच्या वर जातो. आणि नऊ टक्क्यांनी घेतलेलं असं कर्ज नऊ वर्षं इमानाने फेडलं तरी मुद्दल फिटतं जेमतेम पाव हिस्सा. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्यातला बहुतेक पैसा व्याजातच जातो.

त्याहून चीड येते ती मुदतीची. दर वाढले की हप्ता तेवढाच ठेवतात आणि मुदत गुपचूप लांबवतात. २४० हप्त्यांचं कर्ज, दर सुरुवातीलाच नवाचा दहा झाला, तर त्याच हप्त्यात फेडायला ३१५ महिने लागतात. सव्वासहा वर्षं जास्त! आयुष्यातली सव्वासहा वर्षं, आणि मला कुणी विचारलंही नव्हतं. स्टेटमेंट काढून बघितलं तेव्हा कळलं. तुमचंही एकदा काढून बघाच, शेवटच्या हप्त्याची तारीख कुठे सरकलीय ते.

हे एकट्या माझ्या बाबतीत झालेलं नाही. ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा व ग्राहक आयोगाने २०२० साली गृहकर्जांचे दर तपासले, तेव्हा तीन ते पाच वर्षं जुनं कर्ज असलेले लोक नव्या कर्जांच्या सरासरीपेक्षा अर्ध्या टक्क्याहून जास्त दर भरताना आढळले. जो टिकून राहिला त्यालाच जास्त पिळलं जातं, आणि ज्याला हा हिशोब माहीतच नाही तो तर निमूट भरत राहतो. माझा संताप त्याच्यासाठी जास्त आहे. मी निदान जाऊन भांडू तरी शकतो.

आणि थकबाकीचं काय? लहान माणसाचा हप्ता दोन दिवस पुढे गेला की दंड, बाउन्स चार्ज, वसुलीवाल्याचा फोन, क्रेडिट स्कोअरवर डाग पडण्याची धमकी. मोठ्या कंपनीचं कर्ज थकलं की बैठका होतात, पुनर्रचना होते, व्याजावर पाणी सोडलं जातं. तीच बँक, तेच टेबल. वेळेवर भरणाऱ्यासाठी त्या टेबलावर काहीच नसतं.

मी साहेबांना शेवटी म्हटलं, मग मी कर्ज दुसरीकडे नेतो. तेव्हा कुठे ते खुर्चीत पुढे सरकले. "थांबा, वर विचारून बघतो." नऊ वर्षांत पहिल्यांदा!

थांबलो नाही. दुसऱ्या बँकेसाठी पुन्हा मूल्यांकन, पुन्हा वकिलाचा अहवाल, पुन्हा प्रोसेसिंग फी. दोन दिवसांची रजा टाकलीय.