सेवाभाव राहू दे, पेन्शनचं बोला

आमचे मोठे काका जुन्या पेन्शनचे, म्हणजे रिटायर झाल्यावर सरकारने ठरलेली रक्कम आयुष्यभर द्यायची त्या पद्धतीचे, कट्टर विरोधक. मार्च २०२३ मध्ये राज्यातले सरकारी कर्मचारी "एकच मिशन, जुनी पेन्शन" म्हणत आठवडाभर संपावर गेले होते, त्यात नर्सेसही होत्या, तेव्हा काकांनी मला इथे इंग्लंडात लीड्सला फोन करून अर्धा तास ऐकवलं, की हे लोक राज्य विकून खाणार, पेशंटला वाऱ्यावर सोडून रस्त्यावर बसतात, जनाची नाही तर मनाची तरी लाज ठेवा वगैरे. आणि हे सगळं ते चरईतल्या ज्या फ्लॅटमध्ये बसून बोलत होते तो आजीच्या फंडाच्या पैशातून घेतलेला आहे. आजी म्हणजे त्यांची सख्खी आई, ठाण्याच्या सिव्हिलमधून रिटायर झालेली स्टाफ नर्स.

आजी गेली तेव्हा दिवसकार्याला हेच काका बोलायला उभे राहिले, मी व्हिडिओ कॉलवर होते. आईने आयुष्यभर रुग्णसेवेचं व्रत घेतलं, पैशाकडे कधी पाहिलं नाही, आजकाल असा सेवाभाव कुठे राहिलाय. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला खरं सांगायचं तर हसू आलं, कारण आजी पैशाकडे इतकं बघायची की बास. डीएचा, म्हणजे महागाई भत्त्याचा हप्ता किती वाढला, फरकाची रक्कम कधी जमा होणार, वेतन आयोगात आपली फिक्सेशन, म्हणजे नव्या पगाराची निश्चिती, बरोबर झाली का, हे सगळं एका लाल वहीत लिहिलेलं असायचं. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला बँकेत जायची तर कडक स्टार्च केलेली कॉटनची साडी, अंबाडा, हातात पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदाची झेरॉक्स, आणि काउंटरवरच्या मुलाने अंगठा लावायचं मशीन पुढे केलं की आधी पेन मागून सही करणार. ऐंशीच्या पुढे गेली तरी.

तिचं व्रत वगैरे काही नव्हतं. १९६३ ला लागली कारण गावाकडे दोन वेळचे वांधे होते आणि ट्रेनिंगला स्टायपेंड मिळायचा, हॉस्टेल मिळायचं. नाइट ड्यूटी करणारी मुलगी म्हणून दोन स्थळं परत गेली, तिसरे आजोबा. मग ऐंशीच्या दशकात वागळे इस्टेटमधली आजोबांची कंपनी बंद पडली आणि घर चाललं ते आजीच्या पगारावर, काकांचं इंजिनिअरिंग धरून. हे काकांना माहिती नाही असं नाही. पण दिवसकार्यात असलं कोण बोलतं.

याचा अर्थ ती कामात कोरडी होती असं अजिबात नाही. काचेच्या सिरिंजा उकळून, सुया घासून धार लावून वापरायच्या काळातली बाई ती, तिच्या हाताला एक शिस्त होती. शेवटची दीड-दोन वर्षं अंथरुणावर होती तेव्हा घरी नर्स पुरवणाऱ्या ब्युरोकडून एक मुलगी यायची, शहापूरकडची, जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा झालेली, आणि आजी पडल्या पडल्या तिला शिकवायची. दर दोन तासांनी कूस बदलायची, घड्याळ लावून. चादरीला एक सुरकुती राहता कामा नये. पाठ ओल्या फडक्याने पुसून कोरडी करायची, मग माकडहाडावर तळहात ठेवून गरम लागतंय का बघायचं, कातडी लाल दिसली की दाबून बघायची, लाली गेली तर ठीक, नाही गेली तर त्या अंगावर आता झोपवायचं नाही. आणि सकाळची मुलगी आली की रात्रीचीने "ओव्हर" दिल्याशिवाय जायचं नाही, किती वाजता लघवीला झाली, किती खाल्लं, सगळं. घरात एकच पेशंट, तो पण आजी स्वतः, तरी ओव्हर पाहिजेच.

अरुणा शानबाग या विषयावर आजी क्वचित बोलायची, पण बोलली की याच मुद्द्यावर यायची. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधली नर्स, नोव्हेंबर १९७३ मध्ये हॉस्पिटलातच तिच्यावर हल्ला झाला आणि मग मे २०१५ मध्ये जाईपर्यंत ती तिथेच अंथरुणाला खिळून, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षं. २००९ ला सुप्रीम कोर्टात तिच्या इच्छामरणाचा अर्ज आला तेव्हा केईएमच्या नर्सेसनी विरोध केला, आमचं माणूस आहे, आम्ही बघतोय म्हणाल्या. एवढ्या वर्षांत अंगावर बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम नाही, हे ऐकून लोक हात जोडतात, आजी हिशोब करायची. म्हणायची, दोन तासाला एकदा म्हणजे दिवसाला बारा वेळा, गुणिले ४२ वर्षं, किती पिढ्या रिटायर झाल्या असतील बघ त्यात. एकीने दुसरीला दिलं, दुसरीने तिसरीला. मला हेच काकांना विचारायचंय की अकरा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर असलेल्या, एजन्सीने आज इथे उद्या तिथे पाठवलेल्या मुलींनी हे कसं केलं असतं? माया होतीच, पण त्यामागे कायम नोकरी होती, एकाच हॉस्पिटलमध्ये तीस-तीस वर्षं काढलेली माणसं होती. आणि अरुणावर हल्ला झाला तेव्हा मुंबईतल्या नर्सेस संपावरही गेल्या होत्या, तेही कुणी आठवत नाही.

आता परदेशाचं. मी इथे एका हॉस्पिटलच्या पेरोलमध्ये आहे त्यामुळे नर्सेसच्या पगाराचा कागद मला कोळून प्यायल्यासारखा पाठ आहे. एनएचएसची, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेची पेन्शन अजून ठरलेल्या हिशोबाची आहे, दर वर्षीच्या पगाराचा १/५४ भाग तुमच्या वार्षिक पेन्शनमध्ये जमा होत जातो. तीस हजार पौंड पगार धरला तर एका वर्षाच्या नोकरीमागे वर्षाला साधारण ५५५ पौंड पेन्शन, ती महागाईप्रमाणे वाढत जाते, शेअर मार्केट वर गेलं काय खाली गेलं काय. नर्सच्या पगारातून कापतात आणि त्यावर एम्प्लॉयरच्या बाजूने इंग्लंडमध्ये २३.७ टक्के वेगळे भरले जातात. म्हणजे ज्या देशाकडे बोट दाखवून काका म्हणतात की बघा तिकडे कसं सगळं प्रायव्हेट, तिथे नर्सला हे मिळतं, आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या नर्सला आजीसारखी जुनी पेन्शन बंद झाली. नंतर आरडाओरडा झाल्यावर सरकारने मधले मार्ग काढले, पण कॉन्ट्रॅक्टवाल्या मुलींना त्यातलं काय? त्या मोजणीतच नाहीत.

इथे स्वर्ग आहे असंही नाही हं. कोविडमध्ये इथे दर गुरुवारी रात्री आठला लोक दारात टाळ्या वाजवायचे, आणि २०२१ मध्ये सरकारने नर्सेसना एक टक्का पगारवाढ सुचवली, एक! मग डिसेंबर २०२२ मध्ये आरसीएन, म्हणजे इथली नर्सेसची संघटना, तिच्या १०६ वर्षांच्या इतिहासात पहिल्यांदा एवढ्या मोठ्या संपावर गेली. त्याच वर्षी मे महिन्यात महाराष्ट्रातल्या नर्सेस खासगी एजन्सीमार्फत भरतीच्या विरोधात संपावर होत्या. आणि इथल्या वृद्धाश्रमांत काम करणाऱ्या केअरवर्कर बायका बहुतेक प्रायव्हेट कंपन्यांच्या, त्यांना एनएचएसची पेन्शन नाही काही नाही, व्हिसाच्या दोरीला बांधलेल्या. तेव्हा इंग्रजांना डोक्यावर घ्यायचं कारण नाही. आपल्याकडे २२ मार्च २०२० ला थाळ्या वाजल्या तेव्हा आजी गॅलरीत आलीच नाही. पीपीई किट दिलेत का त्या नर्स पोरींना ते विचार आधी, म्हणाली, आणि आत जाऊन बातम्या लावल्या.

काकांचा एक मुद्दा मी मानते. पगार, पेन्शन आणि व्याज यातच राज्याचा बराच पैसा जातो, शाळा-रस्त्यांना उरत नाही, हे खरंय. पण मग कुणाची पेन्शन कापायची यावर बोलू ना. आमदारांची पेन्शन पहिल्या टर्मपासून सुरू होते, त्याबद्दल काकांचा फोन आलेला मला आठवत नाही. रात्री वॉर्डात एकटी उभी राहणारी बाईच बरी सापडते सगळ्यांना.

ती शहापूरची मुलगी कोविडमध्ये एका सरकारी सेंटरवर कॉन्ट्रॅक्टवर होती, लाट ओसरली तशी एका मेसेजवर घरी बसवली. मग ब्युरो. बारा तासांची ड्यूटी, सुट्टी घेतली की त्या दिवसाचे पैसे गेले, आणि आमच्याकडून जे घ्यायचे त्यातला मोठा वाटा ब्युरोचाच. काका तिच्याशी गणपतीतल्या एका दिवसाच्या पैशावरून घासाघीस करत होते, आजीने आतून हाक मारून थांबवलं, माझ्या पेन्शनीतून दे म्हणाली. तेवढ्यापुरतं गप्प.

आता ती स्टेशनजवळच्या क्लासला जर्मन शिकतेय. आपल्याच सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी करार केला, कुशल माणसं तिकडे पाठवायचा, त्यात नर्सेसही आहेत. इथे कायम करायला पैसे नाहीत पण बाहेर पाठवायला योजना आहे! काकांचं म्हणणं, बघ, शिकवा आणि ह्या पळून जातात. अहो पण थांबायला ठेवलंय काय तिच्यासाठी.

मागच्या आठवड्यात तिचा मेसेज आला, ताई, यूकेला येऊ की जर्मनीला. मी सांगितलं की इथली बाहेरच्या नर्सेसची भरती खूप मंदावलीय, तू जर्मनची बी-टू लेव्हल पूर्ण कर आणि जर्मनीच बघ, एजंटला एक रुपया देऊ नकोस, आणि कॉन्ट्रॅक्ट हातात आलं की सही करायच्या आधी मला पाठव. तिने लगेच विचारलं, पेन्शनचे कापतात ते आपण परत आलो तर मिळतात का. आजीच्याच हाताखाली तयार झालीय. जर्मनीचे नियम मी वाचायला घेतलेत.