ओबामांच्या त्या फोटोबद्दल खुलासा
काल मी टाकलेला ओबामांचा फोटो, हिलरी क्लिंटन छातीवर हात ठेवून उभ्या आणि ओबामांचे हात खाली एकमेकांत, त्यावरचं "देशनिष्ठेची शपथ (अमेरिकेत झेंड्यासमोर म्हणतात ती) घ्यायला नकार" हे वाक्य चुकीचं आहे, माफ करा. फोटो सप्टेंबर २००७ चा, अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या इंडियानोलाचा, आणि तेव्हा राष्ट्रगीत चालू होतं, शपथ नव्हे. व्हिडिओ लावला की सूर ऐकूच येतो. अमेरिकेत राष्ट्रगीतालाही छातीवर हात ठेवायचा संकेत आहे, त्यावर टीका करा हवं तर, पण शपथ त्यांनी त्याच जूनमध्ये सिनेटमध्ये स्वतः पुढे उभं राहून म्हटली होती. २००८ च्या अध्यक्षपदाच्या प्रचारात एक बाई ओबामांना अरब म्हणाल्या तेव्हा खुद्द विरोधी उमेदवार मॅककेननी माईक परत घेऊन नाही म्हणून सांगितलं, ते मला फार भावलं. प्लीज फोटो पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर डिलीट करा.