माणूस घ्यायचाय? मग काम सोडून बाकी सगळं बघा

ऑफिसात जागा निघालीय आणि भरतीचं लचांड तुमच्या गळ्यात पडलंय, तर आधी शांतपणे एक कट चहा मागवा. जागा का निघाली ते तुम्हालाही माहितीय, आधीचा माणूस कंटाळून पळाला, पण जाहिरातीत असं लिहायचं नसतं, तिथे ‘झपाट्याने वाढणारी कंपनी’ लिहायचं. पात्रता स्वतः लिहायच्या भानगडीत पडू नका, बंगलोरच्या एखाद्या कंपनीच्या जाहिरातीतून सरळ उचला. म्हणजे आपल्या इंदूरजवळच्या पीथमपूरच्या गोडाऊनवर मालाची आवक-जावक लिहायला माणूस हवा असला तरी त्याला एमबीए पाहिजे, टॅली पाहिजे, पायथनही येत असेल तर उत्तम, वय पंचविसाच्या आत आणि अनुभव पाच वर्षांचा. फ्रेशर चालेल, पण अनुभवी हवा. पगाराचा आकडा चुकूनही टाकू नका, ‘बेस्ट इन इंडस्ट्री’ लिहा, कुठली इंडस्ट्री ते कोण विचारायला येतंय.

अर्ज ढिगाने येतील. कोचिंगवाल्या भंवरकुआंच्या खोल्यांमध्ये एमपीपीएससीची (मध्य प्रदेशच्या सरकारी नोकऱ्यांच्या परीक्षेची) तयारी करत बसलेली पोरंही मध्येच एक क्लिक मारून टाकतात. सगळे वाचत बसायचं नसतं, त्यासाठी सॉफ्टवेअर आहे, त्याला ‘इन्व्हेंटरी’ हा शब्द शोधायला सांगा, म्हणजे ज्याने दहा वर्षं गोडाऊन सांभाळलं पण अर्जात ‘स्टॉक’ लिहिलं तो आपोआप बाहेर. जे उरले त्यांच्याकडून रेझ्युमे अपलोड करून घ्या आणि मग रेझ्युमेत जे आहे तेच सगळं पुन्हा फॉर्ममध्ये भरायला लावा. ह्याने उमेदवाराचा संयम कळतो म्हणे. (वेबसाइट किती वेळा बंद पडते तेही कळतं, पण ते आपण बघायचं नाही.)

आता आडनावं बघा. तोंडाने म्हणायचं ‘आम्ही असलं काही मानत नाही’, मनात बघायचं. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल ह्यांनी हे तपासलंही होतं, पेपरातल्या प्रायव्हेट नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, बदललं फक्त नाव, आणि दलित नि मुसलमान नावांना बोलावणं कमी आलं. २००७ मध्ये छापून आलंय ते. त्यांनी उगाच एवढे अर्ज पाठवले, रामबागेतल्या कुठल्याही काकांना विचारलं असतं तर त्यांनी ‘मूळचे कुठले तुम्ही? नाही, त्याच्या आधी?’ एवढ्या दोन प्रश्नांत सगळी पद्धत करून दाखवली असती. तुम्हीही तेच विचारा, फक्त ह्याला ‘कल्चर फिट’ म्हणा. पोरगा आपल्याच शाळेचा निघाला, गणपतीत आपल्याच मंडळात ढोल वाजवणारा निघाला, की समजायचं कल्चर जमलं.

मग इंटरव्ह्यू. पोरगा खरगोनहून येणार असेल तर वेळ सकाळी दहाचीच द्या, म्हणजे तो पहाटेची बस पकडून सरवटेला उतरेल, स्टँडवरच तोंड धुऊन, शर्ट बदलून, ऑटोने विजयनगरला साडेनऊलाच हजर होईल. त्याला रिसेप्शनच्या सोफ्यावर बसवा. दीड वाजेपर्यंत. त्याच्या मांडीवर ती प्लॅस्टिकची फाइल असते, दहावीपासूनच्या सगळ्या मार्कशीटा क्रमाने लावलेली, ती तो दर दहा मिनिटांनी उघडून बघतो की काही राहिलं तर नाही, आणि वॉचमन त्याला तीनदा विचारतो ‘भिया, किससे मिलना है?’ आत बोलावल्यावर त्याचा रेझ्युमे हातात घ्या, तोपर्यंत तुम्ही तो उघडलेलाही नसेल, म्हणून म्हणायचं ‘स्वतःबद्दल सांगा’. तो सांगेल, तेवढ्यात तुम्ही वाचून घ्याल. ती मार्कशीटांची फाइल मात्र उघडायची नाही.

पुढचे प्रश्न ठरलेलेच आहेत. ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?’ हे विचारताना आपली कंपनी पुढच्या दिवाळीला असेल का हा विचार मनात आणू नका. ‘तुमचा वीक पॉइंट काय?’ तो म्हणेल मी फार परफेक्शनिस्ट आहे, तुम्ही गंभीरपणे लिहून घ्या. एखादं कोडंही घाला, छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत एका रविवारी हॉट डॉग किती विकले जात असतील वगैरे. गूगलच्या एचआरचे तेव्हाचे प्रमुख लॅस्लो बॉक ह्यांनी २०१३ मध्येच सांगून टाकलं होतं की असली कोडी म्हणजे निव्वळ टाइमपास, विचारणाऱ्याला आपण हुशार असल्यासारखं वाटतं, बाकी काही नाही. पण विचारणारे आपणच आहोत ना, मग वाटू द्या की.

एका गोष्टीपासून मात्र लांब राहा. कोणीतरी शहाणा म्हणेल, त्याला दोन तास गोडाऊनला नेऊ, एक खरं चलान हातात देऊ, बघू काय करतो. अजिबात नाही! ह्यातला धोका जुना आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर ह्या दोघांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांचं संशोधन एकत्र करून बघितलं की निवडीची कुठली रीत पुढच्या कामाशी किती जुळते (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे तंतोतंत). प्रत्यक्ष काम करवून बघणं ०.५४, सगळ्यांना ठरवून तेच प्रश्न विचारणं ०.५१, आपल्या गप्पाटाइप इंटरव्ह्यूला ०.३८, अनुभवाच्या वर्षांना ०.१८ आणि हस्ताक्षर बघण्याला ०.०२. पुढे २०२२ मध्ये दुसऱ्यांनी पुन्हा हिशेब केला तर बहुतेक आकडे अजून खाली आले, ठरलेल्या प्रश्नांचा इंटरव्ह्यू ०.४२ ला सगळ्यात वर राहिला आणि अनुभवाची वर्षं पार ०.०७ ला आली. म्हणजे ज्या ‘किमान पाच वर्षं’ वर आपण जाहिरात उभी केली तीच जवळजवळ पोकळ. हा कागद मॅनेजिंग डायरेक्टरांच्या हाती लागू देऊ नका.

आपल्याकडची गोष्टही कोणी काढेल. अहिल्यादेवींनी म्हणे सांगितलं होतं की राज्यातल्या चोर-लुटारूंचा जो बंदोबस्त करेल त्याला मुलगी देईन, यशवंतराव फणश्यांनी बंदोबस्त केला, मुक्ताबाईंशी लग्न झालं. कुठलंही राउंड नाही, सायकोमेट्रिक टेस्ट नाही, कोणाची ओळख नाही, आधी काम मग निवड. तेव्हा एचआर डिपार्टमेंट नव्हतं, म्हणून चालून गेलं.

लेखी परीक्षा घ्या म्हणणाऱ्याला फक्त ‘व्यापम’ म्हणा (मध्य प्रदेशचं परीक्षा घेणारं मंडळ, घोटाळ्यामुळे गाजलेलं), तो गप्प बसेल. २०१३ मध्ये दुसऱ्यांच्या नावाने मेडिकलचा पेपर द्यायला आलेली पोरं इंदूरच्याच पोलिसांनी धरली होती, त्यानंतर मंडळाचं नाव दोनदा बदललं. आणि केंद्र सरकारने खालच्या पदांचे इंटरव्ह्यू २०१६ पासून बंद केलेत, कारण तिथे वशिला चालतो. आपल्याकडे वशिला नसतो, आपल्याकडे ‘रेफरन्स’ असतो.

पगाराचं बोलणं सगळ्यात शेवटी. आधी त्याची जुनी सॅलरी स्लिप मागा आणि त्यावर थोडेसे वाढवा, त्याचं काम कितीचं आहे तो हिशेब कशाला. सीटीसीत, म्हणजे कंपनीला त्याच्यावर पडणाऱ्या एकूण खर्चात, ग्रॅच्युइटी, इन्शुरन्स, कँटीनचा चहा सगळं धरा, आकडा छान गुटगुटीत दिसतो. तो सोमवारी रुजू झालाच पाहिजे, पण सोडून जाताना नव्वद दिवसांची नोटीस. ज्यांना घ्यायचं नाही त्यांना काही कळवू नका, खरगोनवाला दोन महिने फोन करेल, मग बंद होईल.

एवढं सगळं होईपर्यंत चार महिने जातात आणि काम कुठेच अडत नाही हे तुमच्या लक्षात येईल. कारण ते ठेकेदाराकडून आलेला एक पोरगा करतोय, आधीचा माणूस पळाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून, चलान, रजिस्टर, ट्रकवाल्यांशी भांडणं, सगळं. त्यानेही अर्ज टाकला होता, पण ‘स्टॉक’ लिहिलं होतं. आता नवीन एमबीए साहेब रुजू झाले की त्यांना काम शिकवायला त्याच पोराला बसवा, आठवडाभर पुरे. अनुभवाचं सर्टिफिकेट मागेल तर ‘ठेकेदाराकडून घे’ म्हणा, आपण दिलं तर लगेच दुसरीकडे अर्ज टाकेल, आणि मग आपल्याला खरंच माणूस शोधावा लागेल.