उत्तर बरोबर, गुण एक

वर्षाच्या पहिल्या तासाला मी बीजगणिताच्या वर्गात एक छापील कागद वाटते. वर्गाकडून काय अपेक्षा आहेत आणि गुण कसे दिले जातील, हे त्यावर सविस्तर लिहिलेलं असतं. खाली विद्यार्थ्याच्या आणि पालकांच्या सहीसाठी रेघा. सह्या होऊन कागद इतक्या लवकर परत येतो, की तो कोणी वाचलेला नाही हे तिथेच सिद्ध होतं. वाचला असता, तर निदान एकाने तरी विचारलं असतं, की "उत्तर बरोबर असूनही चारापैकी एक गुण मिळू शकतो" म्हणजे काय? हा प्रश्न येतो पहिल्या चाचणीनंतर, आणि तोवर आवाज चढलेला असतो.

प्रकरण असं असतं. प्रश्न: ३(क्ष − ४) − २(क्ष − ५) = ७ सोडवा. गुण ४. पहिला कंस सोडवायला एक, दुसरा सोडवायला एक, सजातीय पदं एकत्र करायला एक आणि उत्तराला एक. एक जण लिहितो: ३क्ष − १२ − २क्ष − १० = ७, म्हणून क्ष − २२ = ७, म्हणून क्ष = २९. उणे दोन गुणिले उणे पाच म्हणजे अधिक दहा, हे त्याला ऐन वेळी आठवलेलं नाही. (ऋण गुणिले ऋण म्हणजे धन, हे ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्येच लिहून ठेवलंय. चौदाशे वर्षं हा नियम दुसऱ्या कंसापर्यंत पोचायला पुरलेली नाहीत.) तिथे त्याचा एक गुण जातो. पण पुढचं सगळं तो स्वतःच्या चुकीशी इमान राखून करतो, म्हणून पुढचे गुण त्याचे. एकूण तीन.

शेजारच्याच्या कागदावर फक्त '९' आहे. खाली दोन रेघा, भोवती चौकट. उत्तर अचूक. गुण एक.

आता या दोघांना कागद परत दिल्यावर काय होतं याची कल्पना करा. "मॅडम, त्याचं उत्तर चूक, त्याला तीन, माझं बरोबर, मला एक?" यात युक्तिवाद म्हणून काहीच खोट नाही. अडचण एवढीच, की ९ हा आकडा सोडवूनही येतो, १ पासून एकेक किंमत घालत गेलं तरी येतो आणि शेजारी डोकावूनही येतो. या खेपेला शेजारी २९ होते, म्हणजे पोरगं निर्दोष असण्याची दाट शक्यता आहे. पण मला गुण शक्यतेला देता येत नाहीत, ओळींना द्यावे लागतात. कागदावर ओळच नाही.

"एक चूक एकदाच कापायची" हा नियम वर्गाला भलताच आवडतो, पण त्याला पोटनियम आहे. चुकीमुळे गणितच सोपं झालं, तर पुढचे गुण मिळत नाहीत. याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे क्ष² = ६क्ष. दोन्ही बाजूंना क्ष ने भागलं, क्ष = ६, काम फत्ते. तीनपैकी एक गुण. कारण क्ष = ० हे दुसरं मूळ त्या भागाकारात गेलं, आणि वर्गसमीकरणाचं रेषीय समीकरण होऊन बसलं. सगळं डावीकडे घ्या, क्ष सामाईक काढा, क्ष(क्ष − ६) = ० लिहा, की दोन्ही मुळं आपोआप समोर येतात. शून्याने भागायचं नाही हे झोपेतून उठवून विचारलं तरी सगळे सांगतात. पण शून्य क्ष चं सोंग घेऊन आलं, की कोणाच्या ध्यानात येत नाही.

अपेक्षांच्या यादीत "एका ओळीत एक पायरी, बरोबरची चिन्हं एकाखाली एक" असं ठळक अक्षरांत आहे. हा माझा नीटनेटकेपणाचा हट्ट आहे, असा समज आहे. तसं नाही. हे सांगितलं नाही तर २क्ष + ३ = ११ चं उत्तर असं येतं: २क्ष + ३ = ११ = ८ = ४. लिहिणाऱ्याच्या मनात "मग तीन वजा केले, मग दोनने भागलं" असंच असतं. कागदावर मात्र अकरा, आठ आणि चार हे सगळे एकच झालेले असतात. रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये दोन समांतर रेघांचं हे चिन्ह छापलं, ते दोन समांतर रेघांहून अधिक समान असं दुसरं काही असूच शकत नाही म्हणून. आमच्याकडे त्याचा अर्थ "आणि मग काय झालं, तर" असा आहे. पहिल्या चाचणीत मी याला गुण कापत नाही, लाल गोल करते. दुसऱ्या चाचणीपासून अर्धा गुण जातो, आणि गोल एकदम कमी होतात. उपदेशाचं आणि अर्ध्या गुणाचं वजन यातला फरक तिथे दिसतो.

अक्षराबद्दल एकच अट आहे: जे चिन्ह लिहाल ते शेवटच्या ओळीपर्यंत तेच राहिलं पाहिजे. चलाला इंग्रजी एक्स आणि गुणाकारालाही फुली वापरणारा तिसऱ्या ओळीत स्वतःच गोंधळतो. 'बी' चा ६ होतो, ६ चा परत 'बी' होतो, आणि उत्तरात दोघंही नसतात. गुणाकाराला टिंब द्या किंवा कंस करा, एवढंच मागणं.

गणनयंत्राला परवानगी आहे, पण त्याच्यावरचा विश्वास डोळस हवा. क्ष = −३ असताना क्ष² काढायला मुलं यंत्रात −३² टाइप करतात. बहुतेक यंत्रं आधी वर्ग करतात, मग वजा लावतात, आणि उत्तर देतात −९. कंसात (−३)² टाकलं की ९ येतात. "पण मॅडम, मशीनने सांगितलं" हे कारण मी ग्राह्य धरत नाही. मशीनला जे विचारलं, तेच तिने सांगितलं.

आता ताळा. माझ्या सगळ्या धोरणात मला याच्याइतकं प्रिय काही नाही आणि वर्गाला याच्याइतकं नकोसं काही नाही. वरच्या २९ ला अर्धा मिनिट दिला असता, तर ३ × २५ − २ × २४, म्हणजे ७५ − ४८, म्हणजे २७ आले असते, ७ नव्हे. आणि चूक तिथल्या तिथे सापडली असती. म्हणून जिथे ताळा मागितला असेल, तिथे मी त्याला एक स्वतंत्र गुण ठेवला. परिणाम काय? कागदोकागदी एकच मजकूर: "ताळा: डावी बाजू = उजवी बाजू. म्हणून उत्तर बरोबर." किंमत घातलेलीच नाही! २९ च्या खालीसुद्धा हेच वाक्य, तितक्याच आत्मविश्वासाने. मग पोटनियम आला: किंमत घालून दोन्ही बाजूंचे आकडे दाखवल्याशिवाय गुण नाही.

वर्गमुळाच्या समीकरणात तर ताळा हा उत्तराचाच भाग आहे. √(क्ष + ७) = क्ष − ५ घ्या. दोन्ही बाजूंचा वर्ग केला, की क्ष² − ११क्ष + १८ = ० येतं आणि क्ष = ९ किंवा २. नऊ घातले तर दोन्हीकडे ४. दोन घातले तर डावीकडे ३, उजवीकडे −३. दोन हे वर्ग करताना घुसलेलं उपरं उत्तर, ते खोडायचं. ज्यांनी दोन्ही उत्तरं लिहिली त्यांचा एक गुण जातो, आणि "जास्त लिहिलं म्हणून गुण कापले" अशी तक्रार येते.

गृहपाठाचं धोरण थोडक्यात: उशिराच्या प्रत्येक दिवसाला दहा टक्के वजा, उत्तरं फळ्यावर सोडवून झाल्यावर शून्य. त्यानंतर येतं ते गृहपाठ नसतं, शुद्धलेखन असतं. फोनवर फोटो काढून सोडवलेलं गणित ओळखायला मला फारसं डोकं लागत नाही. पायऱ्या निर्दोष असतात आणि न शिकवलेल्या पद्धतीच्या असतात. आरोप करत बसण्यापेक्षा मी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवते आणि विचारते, "ही कुठून आली?" सांगता आलं तर गुण पूर्ण, मग पद्धत कोणाची का असेना.

शून्याची ताकद मात्र समजावून सांगावी लागते. चार गृहपाठांत ८०-८० आणि पाचवा दिलाच नाही, तर सरासरी ६४. ती ७५ पर्यंत आणायला ८० गुणांचे आणखी किती गृहपाठ लागतील? ३२० + ८०न = ७५(५ + न) सोडवा; न = ११. आणि परत ८० वर? कधीच नाही, पुढे किती का ८० मिळेनात. ही गोष्ट मला स्वतःलाही जाचक वाटते, म्हणून सर्वांत कमी गुणांचा एक गृहपाठ मी हिशेबातून वगळते. लगेच वर्ग ठरवतो, की एक गृहपाठ न देण्याची ही अधिकृत सुट्टी आहे. सहसा पहिलाच वापरून टाकतात.

पुनर्चाचणीला अट एकच: आधी जुन्या पेपरातली प्रत्येक चूक दुरुस्त करून, ती का झाली हे एका वाक्यात लिहायचं. "घाईत झाली" हे वाक्य चालत नाही, "दुसऱ्या पदाला वजाने गुणलं नाही" हे चालतं. या अटीनेच निम्मी गर्दी ओसरते.

आणि मग येतो शेवटचा आठवडा. गृहपाठ २० टक्के, वर्गकाम १०, चाचण्या ४०, अंतिम परीक्षा ३०, ही वाटणी वर्षभर भिंतीवर लावलेली असते. आता अचानक तिच्यासमोर गर्दी. गृहपाठात ५५, वर्गकामात ८०, चाचण्यांत ६२ मिळवलेला मुलगा, ज्याने वर्षभर एक पक्षांतर धड केलेलं नाही, तो वहीच्या मागच्या पानावर लिहितो: ११ + ८ + २४.८ + ०.३क्ष = ७०. पुढच्या ओळीत ०.३क्ष = २६.२. बरोबरची चिन्हं एकाखाली एक. क्ष = ८७.३३, म्हणजे ८८ हवेत. ताळासुद्धा करतो, आकडे घालून! मग ७० च्या जागी ८० घेऊन बघतो, क्ष = १२०.६७ येतं, आणि परीक्षा शंभराचीच असल्याने हे उत्तर ग्राह्य नाही, हेही त्याचं तोच ओळखतो. मला त्या पानाला पैकीच्या पैकी द्यावेसे वाटतात, पण धोरणात मागच्या पानाची तरतूद नाही.

निकालानंतर ६९.४६ वाला येतो. त्याचं म्हणणं असं, की ६९.४६ म्हणजे जवळपास ६९.५, आणि ६९.५ म्हणजे ७०. दोन्ही पायऱ्या वेगवेगळ्या ओळींत, स्वच्छ अक्षरात. पूर्णांकात आणायचं ते एकदाच आणि मूळ आकड्यावरून, म्हणून ६९, असं मी सांगते. तो म्हणतो, हे कागदावर कुठे लिहिलंय? मी कागद काढून शोधते. लिहिलेलं नसतं. वर्षभरात तो कागद पहिल्यांदाच कोणीतरी वाचलेला असतो.