गाडी डावीकडं ओढतीय

गाडी सरळ चालते की नाही हे बघायला सरळ आणि सपाट रस्ता लागतो, आणि साताऱ्याची तिथंच अडचण आहे. गाव वसलंय अजिंक्यताऱ्याच्या अंगावर. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडं निघालं की चढ, परत फिरलं की उतार. नाक्याखालच्या भुयारी रस्त्यात स्टेअरिंग सोडून बघण्याइतका माझा विमा तगडा नाही. त्यामुळं आपली गाडी डावीकडं ओढते हे मला कळायला दिवाळी उजाडली. तोवर मी खांद्याला मलम चोळत होतो.

कळलं ते हायवेला. भाऊबीजेला बायकोच्या माहेरी, नागठाण्याला निघालो होतो. शेंद्रे मागं पडल्यावर नाक खाजवायला एक हात काढला, दुसरा जरा सैल सोडला, तर गाडी थेट उसाच्या फडाकडं निघाली.

"ऊस खायचाय का?" मागून अप्पा म्हणाले. अप्पांनी तीस वर्षं एसटी चालवली. पॉवर स्टेअरिंगच्या गाड्या चालवणाऱ्याला ते ड्रायव्हर समजत नाहीत.

"अहो, काहीतरी करपल्यासारखा वास येतोय," बायको म्हणाली. ती डावीकडं बसली होती, काच खाली करून.

"गुऱ्हाळ असेल जवळपास."

"गुऱ्हाळाचा वास असा नसतो."

जिचं बालपण उसाच्या पट्ट्यात गेलं, तिला मी गुऱ्हाळाचा वास शिकवत होतो. पण स्टेअरिंग हातात असलं की माणसाला आपलंच खरं वाटतं.

मेहुण्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली. "दाजी, हवा कधी बघितली?" हवा ही बघायची गोष्ट आहे हेच मी विसरलो होतो. फाट्यावरच्या पंक्चरवाल्यानं मीटर लावला. पुढच्या उजव्या चाकात 33, डाव्यात 26. ज्या अंगाला हवा कमी, त्या अंगाला गाडी जाणार, हे त्यानं इतकी कीव करत सांगितलं की मी त्याला दहा रुपये जास्त दिले. परतीच्या वाटेवर गाडी खरंच थोडी सुधारली. थोडीच. शहराच्या पलीकडच्या वाढेफाट्यापर्यंतसुद्धा तो आनंद टिकला नाही, कारण आम्हाला तिथवर जायचंच नव्हतं आणि शहरात वळायच्या आधीच गाडीनं पुन्हा कडेची पांढरी पट्टी गाठली.

शेजारचे काका बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना गाडीत दोष दिसेचना. "पाणी निघून जावं म्हणून रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता करतात. आपण डावीकडून चालतो, म्हणजे उतार डावीकडं. गाडी ओढणारच!" ह्या उताराला कॅम्बर म्हणतात, हेही सांगितलं. मग रविवारी पहाटे एमआयडीसीतल्या ओस रस्त्यावर आम्ही दोघं गेलो आणि जीव मुठीत धरून उजव्या अर्ध्यातून गाडी चालवली. तिथं उतार उजवीकडं. गाडी तरीही डावीकडंच. रस्ता निर्दोष सुटला म्हणून काकांनी खूश व्हायला हवं होतं, पण परत येताना ते बोलले नाहीत.

अप्पांचा संशय टायरवर. पुढची दोन्ही चाकं आपसात बदलली. दोष टायरचा असता तर ओढ उजवीकडं गेली असती. गेली नाही. टायरही सुटलं.

मग अलाइनमेंट. चाकांना पाट्या लावल्या, पडद्यावर लाल-हिरव्या रेघा नाचल्या, आणि तिथल्या पोरानं मला तीन शब्द शिकवले. समोरून बघितल्यावर चाक किती कललंय तो कॅम्बर. (म्हणजे रस्त्याला एक कॅम्बर, चाकाला वेगळा, काकांना हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.) बाजूनं बघितल्यावर स्टेअरिंगचा कणा किती मागं रेललाय तो कॅस्टर. आणि वरून बघितल्यावर पावलं सरळ, आत की फेंगडी, तो टो. "तुमच्या गाडीत टोच तेवढा फिरतो सर, बाकीचं फिक्स," असं म्हणून त्यानं तोच फिरवला. रंगीत छापील कागद दिला, त्यावर सगळं हिरवं. स्टेअरिंगही अगदी मध्यावर आलं. सरळ धरलेल्या स्टेअरिंगनं गाडी डावीकडं गेली.

शेवटी अप्पांच्या ओळखीचे एक मेस्त्री. त्यांनी आधी गाडीकडं बघितलंच नाही. विचारलं, "ब्रेक मारल्यावर ओढतीय, का तशीबी ओढतीय?"

इतक्या जणांत हे कुणी विचारलं नव्हतं. "तशीबी," मी म्हणालो.

"आन् पावसाळ्यात उभी हुती?"

"दोन महिने. अंगणात."

ते एक फेरी मारून आले. प्यायच्या तांब्यात बोटं बुडवली आणि उजव्या चाकाच्या डिस्कवर पाणी शिंपडलं. काही नाही. डाव्यावर शिंपडलं. चर्र झालं.

"टाका भाकरी," मेस्त्री म्हणाले.

बायको गाडीतच बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं, मग काच वर केली.

चाक निघालं. कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, त्याच्या पिस्टनवरचं रबर फाटून पाणी आत गेलं होतं, गंज धरला होता, आणि ब्रेक सोडला तरी पिस्टन मागं सरकत नव्हता. म्हणजे डावं चाक कायम थोडा ब्रेक लावून चालत होतं. गाडी त्याच अंगाला जाणार नाही तर काय करील! उजव्या बाजूचे पॅड चांगले जाड. डाव्या बाजूचा आतला पॅड झिजून पत्र्याला टेकत आलेला. ॲव्हरेज का पडलं होतं तेही कळलं. त्याबद्दल मी पेट्रोल पंपावरच्या पोराशी भांडलो होतो. आता दुसऱ्या पंपावर जावं लागतं.

मेस्त्रींनी पिस्टन घासून साफ केला, रबरी किट बदललं, पिनांना ग्रीस लावलं. पॅड दोन्ही बाजूंचे नवे टाकले. "एकाच अंगाचं बदललं तर मग उजवीकडं ओढंल." नवीन ब्रेक ऑइल भरून ब्रेकच्या नळीतली हवा काढायची होती, तेव्हा ब्रेक दाबायला अप्पांना बसवलं. "दाबा... सोडा... दाबा." अप्पा इतक्या गंभीरपणे दाबत होते, जणू खंबाटकीचा घाट उतरतायत. काम झाल्यावर मेस्त्रींनी हात पुसायला कागद मागितला. मी अलाइनमेंटचा दिला.

तपासायला पुन्हा हायवे. शेंद्र्याच्या पुढं हात अलगद सैल केले. गाडी सरळ. बायकोनं काच खाली केली आणि दोन-तीनदा नाक ओढलं. माझ्या पोटात गोळा आला.

"आता कसला वास?"

"गुऱ्हाळाचा," ती म्हणाली. "थांबवा, काकवी घेऊ."

गुऱ्हाळ डाव्या हाताला होतं. स्टेअरिंग मलाच फिरवावं लागलं.